ARHIV काढायला पाच मिनिटं

१० मार्च, सोमवार. प्लोवदिव.
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.
आमच्या साहेब रुम्यानाबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, ओग्न्यान, डेटाबेस नव्या मशीनवर हलवायचाय, शुक्रवारपर्यंत ती जुनी ARHIV सर्व्हिस काढून टाका. टीम लीडची जागा रिकामी आहे, लक्षात असू दे. लक्षात? अकरा वर्षं त्या खुर्चीवर डोळा आहे माझा!
ARHIV म्हणजे डेटाबेसमध्ये शिरायचं एक जुनं दार. आता तिथून कुणी येत-जात नाही. एक कमांड, पाच मिनिटं. उद्या करीन. मोठ्या कामात घाई नको.

११ मार्च, ९.१०
कमांड दिली. उत्तर आलं: 'या नावाची सर्व्हिस नाही.'
९.१२ यादी मागवली. यादीत ARHIV.
९.१५ परत काढ म्हटलं. परत 'नाही'. सॉफ्टवेअर खोटारडं आहे.
शेजारच्या टेबलावरची झोर्नित्सा म्हणाली, काका, मी बघू का? काका! बावन्न म्हणजे काही वय झालं? नको म्हटलं.
संकल्प: चिडायचं नाही.
११.०० कीबोर्डची एक कळ निखळली. हल्ली माल हलका येतो.

१२ मार्च
जबरदस्तीनं काढायचीही कमांड असते. तीही दिली. तेच उत्तर.
२.०० काय डोकं चाललंय आज! नाही म्हणतोस ना? घे! मीच ARHIV नावाची नवी सर्व्हिस बनवली आणि लगेच काढून टाकली. 'यशस्वी.' बाईंना मेल केला, ऑफिसात चॉकलेटचा डबा फिरवला. नवा पोरगा कोस्तादिन, त्यानं दोन उचलली.
३.४० यादीत ARHIV आहे.
४.०० शांतपणे विचार केला. मी काढली हे सिद्ध आहे. म्हणजे कुणीतरी परत टाकली. पासवर्ड आमच्या टीमच्या तिघांकडेच: मी, झोर्नित्सा, कोस्तादिन. डबा फिरवताना कोस्तादिन हसला होता.

१३ मार्च
बाईंना मेल. निःपक्षपाती. नाव फक्त चार वेळा घेतलं.
कोस्तादिन म्हणाला, ओग्न्यानभाऊ, आईशप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही. न विचारता शपथा! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. प्रोबेशनवरच होता, दुपारपर्यंत टेबल रिकामं. बायको आठव्या महिन्यात आहे म्हणे. बरंच झालं, घरी वेळ देता येईल. पुढे आभार मानेल माझे.
घेवड्याचं सूप दोन वाट्या घेतलं.

१४ मार्च, शुक्रवार, १.००
ARHIV जागच्या जागी. तळहाताला घाम. हवामान.
१.२० झोर्नित्सा न विचारता खुर्ची ओढून बसली. यादीतलं नाव उचललं, कमांडमध्ये जसंच्या तसं चिकटवलं. सर्व्हिस गेली. दोन सेकंद!
म्हणाली, काका, यातला A इंग्रजी नाही, आपला बल्गेरियन आहे. डोळ्यांना एकच दिसतो, मशीनला दोन वेगळे. कुणाचा तरी कीबोर्ड आपल्या लिपीत राहिला असणार. दुसरं अक्षर भलतंच उमटलेलं दिसलं, तेवढंच खोडलं, पहिलं राहिलं. कुणाचा, तेही तिनं शोधून काढलं. सात वर्षांपूर्वी. माझा.
म्हणाली, मी तोंड उघडणार नाही, पण तुम्ही आजच बाईंना खरं सांगा आणि कोस्तादिनला परत बोलवा. मी शब्द दिला.
४.३० बाईंना कळवलं: 'ARHIV काढली.' हे खरंच आहे. एका दिवसात एवढं खरं पुरे.

२१ मार्च
कोस्तादिनबद्दलचा मेल लिहायला घेतला. 'आदरणीय'पर्यंत झाला. अशा मजकुरात भाषा महत्त्वाची.
झोर्नित्सानं सोमवारी विचारलं, बुधवारी विचारलं. आज नाही विचारलं. समजूतदार पोरगी. दुपारी तिनं बाईंना कसलंसं पाकीट दिलं.

२२ एप्रिल, मंगळवार
ईस्टरची सुट्टी संपली. टीम लीड झालो!
ते पाकीट म्हणजे राजीनामा होता. झोर्नित्साचा आज शेवटचा दिवस. जाताना म्हणाली, काका, तुमचं तोंड बघायची इच्छा होत नाही. बढती कुणाला बघवत नाही, जुनंच आहे.
दोन्ही रिकाम्या टेबलांसाठी बाईंकडे दोन माणसं मागितली. म्हणाल्या, कशाला? ARHIV एकट्यानं काढलीत ना? तसल्या अजून चाळीस आहेत, महिनाअखेरपर्यंत काढा एकट्यानं.
२३ एप्रिल, १०.०० टीमची पहिली मीटिंग. शिस्त म्हणून पाच मिनिटं वाट पाहिली. मग हजेरी घेतली. शंभर टक्के.