हंसाबाईले शून्य मार्क

३ ऑक्टोबर २००६, आर्णी
उमरखेडहून सकाळच्या एसटीनं आलो. लागली बुवा नोकरी एकदाची! गावोगाव, तांड्यातांड्यावर जाऊन साठीपुढच्या लोकांची आठवण तपासायची. दहा प्रश्न, दहा मिनिटं, फॉर्म भरला की झालं. खोली झकास, स्टँडजवळच. घरमालक रहेमानचाचांनी आल्याआल्या चहा पाजला. म्हणाले, म्हाताऱ्या माणसापाशी निवांत बसत जा. मले हसूच आलं.

५ ऑक्टोबर
बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलतो. अकरा घरं. शेवटचं शंकरसिंगचं. त्याची माय हंसाबाई कांचळीले, म्हणजे तिच्या चोळीले, आरसे लावून राह्यली होती. तारीख विचारली तर म्हणे, बाजार होऊन तीन दिवस झाले. तसं बरोबरच होतं, पण फॉर्मात तारीख पाहिजे. शून्य. पाचची बस हुकली असती, म्हणून बाकीचे प्रश्न विचारलेच नाही. सगळीकडे शून्य ठोकलं. वर शंकरसिंगले शहाणपणा शिकवला, की मायचं डोकं गेलं, तिचं बोलणं मनावर घेऊ नको. सून कोकिळा पदराआड हसली. हंसाबाई हसली नाही.

११ ऑक्टोबर
कोकिळा मेली. फवाऱ्याच्या औषधाची कॅन घरच्यांनी धुऊन पिण्याच्या पाण्याले लावली होती. हंसाबाई दोन दिवस ओरडत होती, हे पाणी पिऊ नका. कोणी ऐकलं नाही. काहून ऐकतील? डोकं गेलेली बाई! चाचांनी हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच सारलं. मीच मारलं तिले. सायबाले सांगा लागते.

१३ ऑक्टोबर
नाही सांगितलं. नोकरी जाईल, अशी भीती वाटली. लाज वाटते लिहाले.
भर दुपारी कोकिळा दारात बसली होती. मांडीवर माझे फॉर्म. मले तारीख विचारली. मी बरोबर सांगितली. तिनं शून्य लिहिलं.

१५ — का १६
रोज येते. एक प्रश्न, एक शून्य. जे विचारते ते डोक्यातून जाते. काल गावातलं घर गेलं. आज मायचं तोंड — आठवतच नाही. चाचा म्हणतात, दारात कोणीच नसते, तू मनावर घेऊ नको, झोप काढ.

तारीख —
आता लिहूनच देतो. सायेब, फॉर्म मी खोटा भरला. ती म्हातारी चांगली शुद्धीत होती, मी तिले विचारलंच नाही. तिचा फॉर्म फाडा, घरच्यांले सांगा. तांड्यावरची ती — शेवटच्या घरची —
बांगड्या वाजल्या. आली. तिनं तेच नाव विचारलं.
थांब. लिहून राह्यलो न. तिचं नाव — तुझ्या सासूचं नाव —