खूण आधी पुसावी की नंतर

ती. मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार (बसूनच, कंबर धरली आहे). मामींचा गुडघा कसा आहे? परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "संगणकच दुरुस्त करतोस ना? मग महिनाभर गायब कशाला?" म्हणून सविस्तर लिहितो.

आमची माहिती साठवणारी यंत्रणा रक्ततपासणीच्या एका प्रयोगशाळेत चालते. तिथे एका आजोबांच्या रिपोर्टमधला चुकलेला आकडा सुधारला, सेव्ह केला, आणि संध्याकाळी बघतात तर जुनाच आकडा हजर! डॉक्टरीणबाई सावध होत्या म्हणून भलतं औषध गेलं नाही. आमच्या साहेबांनी डिस्क बदलली. मग केबल बदलली. मग (सांगतानाही अंगाचा तिळपापड होतो) माझी जागा बदलली, पंख्याखालून थेट जिन्याजवळ. दोष होता तिथेच.

आणि दोष तरी कसला, पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं बसणारं कार्टं! पाळत ठेवायला चार जास्तीच्या नोंदी छापल्या की गायब, नोंदी काढल्या की धिंगाणा सुरू. शेवटी वैतागून मी यंत्रणेलाच मध्ये क्षणभर थांबायला लावलं, तसा तो दर वेळी घडू लागला, आणि सापडला! त्याचं असं आहे, मामा. तुम्ही काही बदललंत की ते आधी मेमरीतल्या पानावर बदलतं आणि पानावर 'बदललंय' अशी खूण होते. सवडीने ते पान डिस्कवर उतरतं, खूण पुसली जाते. आमच्याकडे पान आधी उतरवत, खूण नंतर पुसत. तेवढ्यात कुणी त्याच पानावर नवा आकडा लिहिला, तर त्याचीही खूण साफ! पुढे मेमरी भरली की ते पान 'उतरवलेलंच आहे' म्हणून टाकून देत, आणि नवा आकडा गेला तो गेलाच. मी खूण आधी पुसायला लावली, म्हणजे मध्येच कुणी लिहिलं तर ती पुन्हा होते. दोन ओळींची अदलाबदल, बस.

साहेब पडद्याकडे बघून म्हणाले, "एवढंच?"

मामा, मी जिन्यात जाऊन बसलो. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आकडे आता जागेवर राहतात म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

तुमचा वैतागलेला भाचा

ता. क. तुमच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशला माणूस हवा होता, तो मिळाला का? खुर्चीचा पाय मोडला तर निदान मोडलेला दिसतो. मी मन लावून शिकेन.

ता. क. २. आत्ताच साहेब येऊन ही पानं उतरवण्याची जबाबदारी कायमची माझ्या गळ्यात घालून गेले. पगार तोच. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "मग शेजारची फाइलही बघू का? तिथेही काहीतरी शिजतंय." पॉलिशला दुसरा माणूस बघा.