कोपऱ्यावरची काळी खूण

मुलुंड,
ता. २२ जानेवारी १९५६

सौ. मृणालिनीवहिनीस,
जयंतीचा सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. दादाचं ऑफिस, माझी शाळा चालू आहे. आईचे गुडघे थंडीत दुखतात. मागच्या शेवग्याला यंदा शेंगा फार लागल्या, अर्ध्या शेजारी वाटल्या. तुमच्या अलिबागला वालाच्या शेंगा आल्या असतील. तुझ्या बाबांचा खोकला कसा आहे?

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज शेंगांचं सांगत बसले आहे. आता खरं लिहिते.

दिवाळीनंतर माझ्या मानेखाली खाज सुटली. आधी पुरळ, मग पाणी सुटून खपल्या. तुझ्या कमरेला झालं होतं तस्संच. आठवडाभर मी पदर मानेभोवती घेऊन ते झाकलं. एक दिवस आईने पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझा चहा वेगळ्या कपात आला आणि तो कप धुऊन खिडकीत वेगळा ठेवला गेला. तुझा ठेवायचे ना, तिथेच. वहिनी, त्या कपाकडे बघून मला कळलं, तुझे ते दोन महिने कसे गेले असतील.

आमच्या मुख्याध्यापिका रत्नप्रभाबाईंनी मला शहरातल्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे चामडीच्या रोगांच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी मान बघितली आणि म्हणाल्या, महारोग वगैरे काही नाही, तुझ्या अंगाला कसलं तरी वावडं आहे, ते शोधून काढू. महारोग असता तरी माणसाला असं टाकायचं नसतं, हेही म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकलं.

पुढच्या खेपेला त्यांनी मला साबण, खोबरेल, पावडर, अंगातली पोलकी असं सगळं आणायला सांगितलं. एकेका वस्तूचा अंश कापडाच्या छोट्या चौकोनावर घेऊन ते चौकोन माझ्या पाठीवर चिकटपट्टीने लावले, प्रत्येकाला नंबर दिला. एका चौकोनात पोलक्याच्या गळ्याचा तुकडा होता, परटाने खूण घातलेला. शेजारी त्याच पोलक्याचा बिनखुणेचा तुकडा. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. पाठ खाजली तरी हात न्यायचा नाही, उताणं झोपायची भीती.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. बाई म्हणाल्या, "सगळं स्वच्छ आहे. नऊ नंबरखाली तेवढे फोड आलेत."

"नऊ म्हणजे काय?"

"धोब्याची खूण. बिब्ब्याच्या रसाची असते ती. शंभरांना काही होत नाही, एखाद्याला सोसत नाही. कधी कधी वर्षानुवर्षं सोसतं आणि मग एकदम उठतं."

मी घाबरत विचारलं, "आणि एखादीला कमरेला उठलं तर?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "साडीवर खूण कुठे घालतो तुमचा धोबी?"

घरी आल्यावर मी तुझी ट्रंक उघडली. तीन साड्या निघाल्या. तिन्हींच्या आतल्या कोपऱ्यावर, जो आपण कमरेला खोचतो तिथे, धाकू परटाची काळी खूण. तू गेलीस ती माहेरच्या दोन साड्या घेऊन, घरी धुतलेल्या. म्हणून तिकडे तू बरी झालीस. तुझ्या बाबांनी तसं कळवलं, तेव्हा आई म्हणाली होती, लपवत असतील.

आता जे लिहायचं टाळते आहे ते. महारोग हा शब्द आईचा नव्हता. तिने फक्त विचारलं होतं, हे काय गं हिच्या कमरेला? मी म्हणाले, त्याची सुरुवात अशीच होते, मी पुस्तकात वाचलंय. मी काहीही वाचलं नव्हतं. पुढच्या रविवारी विक्रोळीची मंडळी मला बघायला येणार होती आणि तुला खाजवताना त्यांनी बघू नये म्हणून तू त्यांच्यासमोर नको होतीस. ती मंडळी आली, नाही म्हणून गेली. मी मात्र गप्पच राहिले. दादा तुला वैशाखात रेवसच्या बोटीवर बसवून आला आणि चार दिवस नीट जेवला नाही, तेव्हाही.

चार दिवसांपूर्वी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आईने उठून खिडकीतला माझा कप आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, "तू बोललीस, पण तिला घालवली मी." दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल एवढंच म्हणाला, "आधी तू लिही तिला. मी गप्प बसलो त्याचं मी लिहीन. तिने बोलावलं तर जाईन."

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी सोबत घातली आहे, बाबांना दाखव. त्यांनी तुलाही तपासायला बोलावलंय, पण खुणेची साडी नेसली नाहीस तर त्रास होऊ नये असं त्यांचं मत. धाकूला सांगितलं तर तो फार ओशाळला. त्याची काय चूक? आता आमच्या कपड्यांना तो लाल दोऱ्याचा टाका घालतो. माझी मान जवळजवळ बरी झाली.

तू यायचं की नाही, हे या घरातल्या कोणी ठरवायचं नाही. ये म्हणायचा हक्क मी घालवला आहे. चाळीत तुझ्याविषयी जे पसरलं ते माझ्या तोंडून निघालं, तेव्हा घरोघर जाऊन ते निस्तरणंही माझंच काम. काल शेजारच्या माणिकमावशींकडून सुरुवात केली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग दार लोटून घेतलं. उद्या पुढच्या घरी जाणार आहे. तू आलीस तरी, नाही आलीस तरी.

तुझ्याविषयी खोटं बोललेली आणि आता दारोदार खरं सांगणारी,
जयंती