वाकलेलं हँडल

गौतमचे बाबा,

तुमी उठायच्या आधीच मी शाळेत शिकवायले निघाली. तुमी बनवलेल्या सायकलवरच चालली, पण काल तुमी अकोटले गेल्यावर तुमच्याच पान्यानं तिचं खाली वाकलेलं हँडल म्या काढलं अन् दूधवाल्याच्या मोडीतल्या सायकलचं उंच हँडल बसवलं. सीटही बदलली. तुमची कातड्याची सीट दिसते झकास, पण तिच्यावर बसून बाळापूर रोडची पाच मैल खडी एकदा तुमीच तुडवून पाहा.

जुन्या साहेबी सायकलसारखी दिसावी म्हणून तुमी दोन महिने आपल्या सायकलच्या दुकानात खपले, मले मालूम आहे. म्हणून हिरवा रंग, सोनेरी पट्टी अन् पितळेची घंटी, कशालेच हात लावला नाही. पण सायकल सजवता सजवता बसणारीचं माप घ्यायचं तुमी इसरले.

बेढब दिसते म्हणसान. दिसू द्या. तुमाले सांगितलं नव्हतं, पण सोमवारी गावच्या पाटलाच्या ओट्यावरल्या लोकायनं, आपल्या वस्तीतल्यायनं इथून सायकलवर जायचं नाही म्हणत, मले उतरून पायी जायले लावलं. आज उतरणार नाही. तुमच्या हँडलवर हात ठेवला का मान आपोआप खाली जाते. त्या ओट्यासमोर ते मले चालणार नाही.

हँडल फडक्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलं आहे. भाकर शिंक्यावर आहे, गौतमले जेवू घालून शाळेत धाडजा.

घंटी तुमचीच आहे. ओटा आला का वाजवीन.

मनकर्णा