बांधातला पाझर

बाबा,

दुरूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. प्रयोगशाळेत दिवसभर मूत्रपिंडांचे काप बघून डोळे तेवढे चुरचुरतात.

आत्याचा फोन आला होता. "तुझ्या बाबांनी देवळात तांदळाच्या पिठाची गोड लाल कासवं वाहिली नि गल्लीभर वाटली. मूत्रपिंडात नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात, आता ते बरं होणार म्हणे!"

चूक माझीच. तुमच्या तपासणीचा निकाल सांगताना मी दमले होते, अर्धंच बोलले. साखरेच्या आजारात मूत्रपिंडाला रक्त पुरेनासं झालं की ते घाईघाईत नव्या वाहिन्या काढतं. त्या कच्च्या असतात, त्यांतून प्रथिनं गळतात. तुमच्या लघवीला फेस येतो, त्यात त्यांचाही हात आहे.

आपल्या मासळीच्या तळ्याचा बांध पाझरायला लागला, तर नवे झरे फुटले म्हणून तुम्ही नाचाल का?

रेडिओवर जाहिरात करून विकतात तो काढा पिणं आजपासून बंद. आईला मीठ कमी घालायला सांगा. पायांची सूज उतरली का? खरं सांगा.

मी नऊ वर्षांची असताना आपला बांध पाझरला होता. तुम्ही ओरडलात, "रडत काय उभी राहिलीस? माती आण!"

शनिवारी येतेय, बाबा. रडणार नाही.

तुमची,
यू-चिन