पांढरीलगत सापडलेली कुपी आणि बाळी

मी, गिरिजाबाई भ्र. शिवलिंगप्पा शेटे, वय ६९, धंदा शेती, राहणार तेर, तालुका व जिल्हा उस्मानाबाद, राहत्या घरी बसून हे मृत्युपत्र लिहिते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालू पाहणाऱ्याचं नाव पुढं येईलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

राहतं घर, भांडीकुंडी आणि पोस्टातली शिल्लक माझी एकुलती मुलगी शिवकांता हिला. ढोकीच्या साखर कारखान्याचा शेअर जावयांना, कारण त्यांचा जीव उसात आहे. विहीर मात्र त्यांना देत नाही. उसाला पाजून ती कोरडी करतील.

आता संग्रहाविषयी. लग्न होऊन या गावी आले तेव्हापासून पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मी मणी आणि काचेचे तुकडे वेचत आले. सासूबाई म्हणायच्या, लोकांच्या सुना सरपण आणतात, आमची खडे आणते. पुढं पुण्याच्या एका अभ्यासकांनी ते पाहून सांगितलं, की यातली काही काच समुद्रापलीकडं, रोमच्या राज्यात घडलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपलं गाव तगर होतं, इथलं कापड तिकडं जायचं. त्यानंतर प्रत्येक तुकडा मी कापसात ठेवला.

मालक साठ साली गेले. बहात्तरच्या दुष्काळात पांढरीलगतच्या माझ्या शेतात मी नवी विहीर खणायला घेतली. कामावर बौद्धवाड्यातली कडूबाई भ्र. आबाराव सोनवणे होती. तिची लेकरं तेव्हा सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिवस काढत होती. तिच्या खोऱ्यापुढं बोटाएवढी निळसर काचेची अत्तराची कुपी निघाली, पिंपळपानासारखी पातळ, आणि तिला लागूनच सोन्याची बाळी. आसपास कोणी नव्हतं. बाळी कमरेला खोचून ती गेली असती तर मला कळलंही नसतं. ती दोन्ही वस्तू पदरात घेऊन माझ्या दारात आली. सोनं का आणलंस, असं मी विचारलं.

"सोनं इकून खाल्लं आसतं, बाई," ती म्हणाली. "पर ही कुपी येकली पडली आसती. दोनी येकाच बाईच्या हायेत."

इतकी वर्षं मी वस्तू वेचल्या. त्या वापरणारी बाई मला त्या दिवशी दिसली. पाऊस पडेपर्यंत माझ्या पेवातली ज्वारी दोन्ही घरांनी खाल्ली.

धाकटे दीर कल्याणप्पा लगोलग बाळी मागायला आले. जमीन घराण्याची, सोनं घराण्याचं, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मुलीच्या लग्नासाठी त्यांना ती आटवायची होती. मी आईनं दिलेल्या पाटल्या उतरवून पुढ्यात ठेवल्या. त्यांनी हातावर तोलून पाहिल्या आणि नेल्या. तोच त्यांचा हिस्सा समजावा. त्यांचा अगर त्यांच्या वारसांचा माझ्या कशावरही हक्क नाही. मागच्या महिन्यात कोरा स्टॅम्पपेपर घेऊन तेच आले होते. चहा पिऊन गेले.

ती विहीर आणि तिच्याभोवतीची एक एकर जमीन कडूबाईला. विहिरीला पाणी लागलं तेव्हा कल्याणप्पांनी बौद्धवाड्याच्या घागरी अडवल्या होत्या. कडूबाई रिकामी घागर घेऊन काठावर बसली आणि उठलीच नाही. मी येऊन पोहरा सोडला, तेव्हा तिनं आधी मागं उभ्या असलेल्या म्हातारीची घागर पुढं केली. अट इतकीच, की तिनंही पाणी कुणाला अडवू नये. तिला हे सांगायची गरज नाही, पण वकील म्हणाले, लिहा.

संपूर्ण संग्रह गावातल्या सरकारी वस्तुसंग्रहालयाला. त्यातल्या वस्तूंची रीतसर नोंदणी झालेली आहे. कुपी आणि बाळी शेजारीशेजारी ठेवाव्या, आणि त्या कडूबाईंना सापडल्या असं तिथं लिहावं. माझं नाव नसलं तरी चालेल.

इथवरचा मजकूर मी तिला वाचून दाखवला. जमिनीचं तिनं ऐकून घेतलं. मग कुपीचं विचारलं, "थितं कपाटात ठिवत्याल, बाई. मंग हातात कशी घ्यावी?"

म्हणून हे शेवटचं कलम. कडूबाई हयात आहे तोवर ती येईल तेव्हा कपाट उघडून कुपी तिच्या हातात द्यावी. फुटेल म्हणून कोणी अडवू नये. मातीतून ती सुखरूप काढणारा हात हाच आहे.

वाचून, समजून सही केली.
गिरिजाबाई शेटे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. महारुद्र नाईकवाडी, तेर
२. हणमंतप्पा वाले, तेर

मुक्काम तेर, १४ मार्च १९८४