टीव्हीवरच्या आमच्या उजाड गल्लीबद्दल ताईस

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण हे टेबल जरा बुटकं वाटतंय. टेबल मापातच आहे, खुर्ची उंच झाली. दोन्ही मीच केली.) शिवाय दाराची कडी, जिन्याचा कठडा, तुझ्या भावजयीचं कपाट आणि दाराबाहेरचं, भिंतीला मिटवून ठेवायचं बाकडं, हे सगळं कोणाच्या हाताखाली न शिकता या दोन हातांनी केलं. तुला ठाऊक आहेच. तरी लिहितो, कारण पुढे बाकड्याचा विषय आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला?

टीव्हीवर आमची गल्ली पाहून तू रडलीस, असं भाचीने कळवलं. ‘पर्यटकांनी गिळलेली गल्ली, इथे आता एकच रहिवासी उरला आहे!’ मीही पाहिलं. ताई, काम अव्वल! कॅमेरावाल्याने आमच्या भिंतीची ओल अशी टिपली, की रोज तिला शिव्या घालणारा मी, मलाच गहिवरून आलं. तपशिलाची गोष्ट मात्र वेगळी.

झालं असं, की बातमीदार बाई गर्दी टिपायला आल्या त्या नेमक्या मंगळवारी. त्या दिवशी कोपऱ्यावरचं संग्रहालय बंद, त्यामुळे गल्लीत पाहुणा म्हणून काय ते एक मांजर. बाईंचं तोंड एवढंसं झालं. फोन करायला त्या कॅमेरावाल्याला घेऊन कोपऱ्यावर गेल्या. आता आपली गल्ली कशी आहे तुला माहीत. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने धाडायचं नाही. समोरच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, “गर्दीच हवी ना बिचारीला? चला, टोप्या घाला!” (पर्यटक विसरून गेलेल्या टोप्या काकूंनी धुऊन जपून ठेवल्यात.) बघता बघता अख्खी गल्ली पाठीला पिशव्या अडकवून स्वतःच्याच घरांकडे आ वासून बघत हिंडायला लागली. इस्त्रीवाला आपल्याच दुकानाचे फोटो काढत होता. तुझी भावजय माझ्यासमोर येऊन विचारते, “ओ काका, इथे पाणी कुठे मिळेल?” (इतकी वर्षं संसार केला, हा गुण ठाऊक नव्हता.) काकू तर नकाशा उलटा धरून त्याच्याशीच भांडत होत्या. काय ते निरीक्षण! बाई परतल्या आणि हरखल्या. मी एकटाच बिनटोपीचा, बाकड्यावर बसलेला. सगळी गल्ली टोप्यांखाली गेल्यावर रहिवासी दुसरा उरणार कुठून?

वर माझं बाकडं ‘दोनशे वर्षांचं’ म्हणून दाखवलं. गेल्या वर्षी केलंय गं! संताप आला. (थोडं बरंही वाटलं.)

सगळंच खोटं नाही म्हणा. रविवारी आपल्याच दारात शिरायला “जरा सरका” म्हणावं लागतं. वाण्याच्या दुकानात आता फ्रिजला चिकटवायची चुंबकं मिळतात, साखर मिळत नाही. शेजारच्या माडीवर दर आठवड्याला नवे शेजारी येतात, ओळख होईतो निघून जातात. पण बाकडं उघडलं की पाहुणे पायऱ्या सोडून त्यावर बसतात, आणि मिटलं की काकूंच्या सासूबाईंची चाकांची खुर्ची आरामात निघते. तेव्हा ते मिटवायला पाहुणेच हात लावतात. असल्या जमवाजमवीवर गल्ली नांदते आहे. ते टीव्हीवर येत नाही. मिटलेलं बाकडं दिसायला चांगलं नसतं म्हणे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी घरांचा दलाल आला. आपल्या घरात त्याला पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्यात. “सगळे गेलेच आहेत, तुम्हीही मोकळे व्हा,” म्हणाला. समोरून काकू ओरडल्या, “कोण गेलं रे, मेल्या? उजेडातून बाजूला हो, सुईत दोरा ओवतेय!” तो आता तुझ्याकडे येईल, कारण घरावर तुझंही नाव आहे. त्याला चहा दे, सही देऊ नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र.

पुन्हा ता. क. : तुझ्यापासून लपवणं बरं नाही. मी नाही म्हटलं ते आकडा पूर्ण ऐकूनच. ब्याऐंशी लाख. (निम्मे तुझे.)